डोमेनचे एक्स्टेंशन बदलून ‘गूगलवर पहिला क्रमांक’ देणाऱ्यांपासून सावध राहा

देवगडच्या आमच्या बागेतला हापूस आम्ही संकेतस्थळावरून थेट ग्राहकांना विकतो, आणि त्या संकेतस्थळाचे नाव, म्हणजेच डोमेन, ‘.इन’ने संपते; नावाच्या या शेवटच्या भागाला एक्स्टेंशन म्हणतात. हंगाम तोंडावर आलेला असताना एका डिजिटल मार्केटिंग कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले की, ‘.इन’मुळे गूगल आम्हाला मागे टाकते, आणि ‘.शॉप’, ‘.ऑनलाइन’ व ‘.भारत’ अशी तीन नावे घेतल्यास पहिला क्रमांक हमखास मिळेल. पुरावा म्हणून त्याने दुसऱ्या विक्रेत्याचे ‘.शॉप’ संकेतस्थळ सर्वांत वर दिसत असलेला स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवला. पॅकेजचे 48,000 रुपये आगाऊ घेतले गेले.

हंगाम सरला, ऑर्डरी वाढल्या नाहीत. तो स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला, तेव्हा त्या नोंदीवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले आढळले. म्हणजे ती जागा पैसे मोजून घेतलेल्या जाहिरातीची होती, एक्स्टेंशनचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

गूगलने 2015 मध्येच स्पष्ट केले आहे की, नव्या एक्स्टेंशनना शोधनिकालात इतरांप्रमाणेच वागवले जाते आणि एक्स्टेंशनमध्ये ‘शॉप’सारखा शब्द असल्याने फायदाही होत नाही, तोटाही नाही. ‘.इन’ हे तर भारताचे एक्स्टेंशन असल्याने संकेतस्थळ भारतातील ग्राहकांसाठी आहे, एवढे गूगलला त्यावरून कळते. आमचे गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचे, तेव्हा ते आमच्या सोयीचेच होते. देवनागरीतले ‘.भारत’ 2014 पासून उपलब्ध आहे आणि मराठीत नाव हवे असेल तर ते जरूर घ्यावे, पण क्रमांकासाठी नव्हे. शिवाय कंपनीने आमचाच मजकूर तिन्ही नव्या पत्त्यांवर जसाच्या तसा चिकटवला होता, आणि अशा प्रतींपैकी गूगल सहसा एकच निवडून दाखवते.

खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. तिन्ही नावांची नोंदणी कंपनीने आमच्या नव्हे, स्वतःच्या नावावर केली होती. पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर संपताच नूतनीकरणासाठी कितीतरी पट रक्कम मागितली गेली, आणि नावे दुसरीकडे हलवण्यासाठी लागणारा ट्रान्सफर कोड देण्यास साफ नकार मिळाला. वर्षानुवर्षे कमावलेले आमच्या बागेचे नाव आज तीन ठिकाणी परक्याच्या हातात आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे 1915 वर, आम्ही तक्रार नोंदवली आहे. कंपनी आता बिलावरील ‘रँकिंगसाठी प्रयत्न’ या शब्दांवर बोट ठेवते. ‘हमखास’ हा शब्द फक्त व्हॉट्सॲपच्या संदेशात आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. ज्यांना असे फोन येत आहेत, त्यांनी ते संदेश पुसू नयेत आणि नोंदणी कोणाच्या नावावर होणार, हे पैसे देण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.