लाटव्हियाचा जपानी क्विन्स की कॅनडाचा हॅस्कॅप?

जपानी क्विन्स म्हणजे मुळात युरोपात बागेच्या कडेला लाल-केशरी फुलांसाठी लावायचं काटेरी झुडूप, पण लाटव्हियात 1951 पासून ते फळासाठी लावायला लागले, कारण लिंबू तिथे येत नाही आणि आंबट तर हवंच. म्हणूनच त्याला उत्तरेचं लिंबू म्हणतात. फळ पिवळंधमक, वास भारी, पण दगडासारखं कडक आणि इतकं आंबट की कच्चं खायचं नावच नको. मग पातळ काप करून साखरेत मुरवतात, सुटलेला रस सरबताला आणि उरलेले काप वाळवून खायला, अगदी आवळाकँडीसारखंच प्रकरण.

हॅस्कॅप म्हणजे निळा हनीसकल. या कुळातली बरीचशी झाडं शोभेचीच, कॅनडात याच्याही सुरुवातीच्या जाती कडवट निघाल्या त्यामुळे कोण विचारणार. मग सस्काचेवान युनिव्हर्सिटीत रशियन वगैरे वाणांचे क्रॉस करून काम झालं, 2007 ला टुंड्रा आणि इंडिगो जेम या जाती आल्या. झुडूप उणे 40 अंश सेल्सिअसच्या खालीही टिकतं आणि फुलं उणे 7 पर्यंत तग धरतात, हे मला जबरदस्त वाटतं. क्विन्सचं तसं नाही हो, कडक हिवाळ्यात बर्फाच्या वर राहिलेल्या कळ्या गेल्याच समजा.

परागीभवनाला दोघांनाही शेजारी दुसरी जात लागते. तोडणीत क्विन्सचे काटे छळतात, हॅस्कॅपला काटे नाहीत पण पक्षी सोडत नाहीत, जाळी लावावीच लागते.

नुसतं तोडून तोंडात टाकायचं असेल तर हॅस्कॅपच, पण प्रोसेसिंग युनिट टाकणाऱ्याला मी क्विन्सच सांगेन, कडक फळ टिकतं, घाई नाही.