फायटूल्सचं कोफायलो: सात महिने वापरल्यानंतर आणि एक पोस्टर वाया गेल्यानंतर

फायटूल्स हे आर भाषेतलं पॅकेज. त्यातलं कोफायलो दोन उत्क्रांतीची झाडं समोरासमोर काढतं आणि दोन्हीकडची जुळणारी टोकं रेघांनी जोडतं. मागच्या महिन्यात त्यातूनच केलेलं ए-झिरो पोस्टर छापून आणलं, स्टायपेंडमधून पैसे घालून. भिंतीला लावलं, दोन पावलं मागे सरले आणि पोटात गोळा आला. डावीकडे सह्याद्रीतल्या आमच्या पालींचं मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून काढलेलं झाड, उजवीकडे न्यूक्लिअर डीएनएवरून काढलेलं, मध्ये चाळीस रेघा. उजवीकडची एक फांदी फिरवली असती तर रेघांच्या बऱ्याच फुल्या (एकमेकींना छेदायच्या जागा) सुटल्या असत्या, हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. प्रोग्रॅमने मात्र ‘डन’ म्हणून काम संपवलेलं.

तोवर मी याच्यावर खूश होते. एप या दुसऱ्या पॅकेजच्या कोफायलोप्लॉटमध्ये माउसने एकेक गाठ (फांद्या फुटतात ती जागा) फिरवत बसलेल्यांना हा आनंद कळेल. इथे एका ओळीत झाडं आपणहून फिरतात. शिवाय फुकट.

पोस्टरच्या रागात कोड उघडून वाचला. तो फुल्या मोजतच नाही! प्रत्येक टोकाचा डावीकडचा क्रमांक आणि उजवीकडचा क्रमांक यांतल्या फरकाचा वर्ग घेतो आणि त्यांची बेरीज कमी करतो. या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत बघा. चाळीसातलं एकच टोक तळातून थेट वर गेलं तर फुल्या ३९ आणि बेरीज १५६०. त्याऐवजी दहा टोकांचा गट पूर्ण उलटा झाला तर फुल्या ४५, पण बेरीज फक्त ३३०. म्हणजे यांतून निवडायची वेळ आली तर तो जास्त फुल्यांचं चित्र निवडणार. डेंडएक्स्टेंड या आणखी एका पॅकेजकडे वळावं, तर त्याचं ‘एन्टँगलमेंट’ हे गुंत्याचं मापही जागांच्या फरकावरच उभं आहे.

तक्रार लिहायला बसले होते, ती मग खोडून टाकली. दोन्ही झाडं फिरवायची मोकळीक असेल तर कमीत कमी फुल्या शोधणं हा एनपी-हार्ड प्रश्न आहे, म्हणजे नेमकं उत्तर झटपट काढायची पद्धत कोणालाच माहीत नाही. चाळीस टोकांच्या एकाच झाडाचे क्रम २ चा ३९ वा घात, म्हणजे जवळपास ५५,००० कोटी होतात. इतकं सगळं तपासायचं तर कोणीही जवळचा मार्गच धरणार.

पण एक झाड स्थिर धरलं की प्रश्न एकदम सोपा होतो, आणि ही सोय यात नाही याचंच मला सर्वांत वाईट वाटतं. समोरच्या झाडातली गाठ फिरवली की तिच्या दोन फांद्यांमधल्या जोड्यांवरच परिणाम होतो, बाकी कुठलीही फुली हलत नाही. त्यामुळे प्रत्येक गाठीचा निर्णय सुटा घेता येतो. ३९ गाठी, ३९ निर्णय, आणि उत्तर हमखास सर्वांत कमी. ज्यावर आपला विश्वास जास्त ते झाड स्थिर ठेवायचं. मी तेवढं फंक्शन लिहिलं आणि ५८ फुल्यांच्या ४७ झाल्या. फिरवलेलं झाड न्यूविक (झाड कंसांत लिहायची पद्धत) मजकूर म्हणून लिहून परत वाचायचं, म्हणजे क्रम पक्का बसतो. मग कोफायलोत रोटेट बंद करून चित्र काढायचं. रेघांचे रंग, वळणं, नावांची मांडणी यांसाठी आजही मी हेच वापरते.

एक गोष्ट मात्र मला उशिरा उमगली. ‘फुल्या कमी, म्हणजे झाडं सारखी’ असं मी पोस्टरवर लिहिलं होतं. सरांनी अशाच चित्रांवरचा द व्हिएन यांचा २०१९ चा लेख हातात दिला. गाठी कशा फिरवल्या त्यावर चित्र ठरतं, त्यामुळे त्यावरून साम्य जोखता येत नाही. आता ते वाक्य काढलंय आणि रॉबिन्सन-फोल्ड्स अंतर (दोन झाडांच्या रचनेतला फरक मोजणारा आकडा) लिहिलंय. पुढचं पोस्टर आधी ए-फोरवर छापून भिंतीला लावून बघणार आहे.