फायनान्स थ्रिलर वाचायचंय: कादंबरी घ्यावी की खऱ्या घोटाळ्याचं पुस्तक?

बँका, शेअर बाजार, गायब झालेले कोटी, मागावर असलेला कोणीतरी ऑफिसर, असलं काही वाचायचा मूड आला की दोन प्रकार समोर येतात, एक सरळ कादंबरी आणि दुसरं खऱ्या घोटाळ्यावर कोणा पत्रकाराने वगैरे लिहिलेलं पुस्तक. दोन्ही घ्यायला पैसे असतील तर प्रश्नच नाही, पण सहसा एकच घ्यायचं असतं, किंवा सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, एका वेळी एकच न्यायचं ठरलेलं असतं. मी दोन्हीकडे बऱ्यापैकी वाचलंय, त्यातून जे वाटलं ते सांगतो. तुमचं वेगळं असू शकतं.

वेगाच्या बाबतीत कादंबरी पुढे आहे, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. मुंबईला जाताना पंचवटी एक्सप्रेसला नाशिकरोडवर जागा मिळाली की पुस्तक उघडायचं, शेजारी पासवाल्यांचा कितीही गोंगाट असो, कसारा घाट कधी उतरला कळत नाही. खऱ्या घोटाळ्याचं पुस्तक असं पळत नाही. सुरुवातीला नावंच नावं, कोण कोणाचा ब्रोकर, कोण कुठल्या बँकेच्या ट्रेझरीत, चौथ्या पानावर आलेला माणूस एकदम दीडशेव्या पानावर परत उगवतो आणि आपण मागे जाऊन शोधत बसतो की हा कोण बुवा. मी तर पेन्सिल घेऊन बसतो, वाचनालयाच्या पुस्तकात अर्थातच नाही.

मग माझं घोडं कुठे अडतं, तर कादंबरीत जेव्हा पैसा हलतो त्या पानावर. व्हिलन लॅपटॉप उघडतो, पासवर्ड टाकतो, हिरवी पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांवर जाते आणि तीनशे कोटी केमन बेटांवर पोचतात. संपलं! माझी नोकरी अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला, तिथे पाच लाखांचं आरटीजीएस करायचं तरी एकाने एन्ट्री टाकायची, दुसऱ्याने अप्रूव्ह करायची, आणि ओटीपी ज्या साहेबांच्या मोबाईलवर येतो ते साहेब नेमके कोणाच्या तरी लग्नात, बँडच्या आवाजात त्यांना फोन ऐकू येत नाही. त्यामुळे ती हिरवी पट्टी आली की माझा मूडच जातो. चूक दाखवायची हौस म्हणून नाही म्हणत, पण थ्रिल तिथेच तर आहे ना? दोन सह्या लागतात तिथे एकीवर कसं भागवलं, महिनाअखेरीला बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या वह्या बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं, होतं त्यात हे का दिसलं नाही, ऑडिटर आला तेव्हा त्याला काय दाखवलं. तिजोरी फोडायची गोष्ट सांगायची आणि कुलपाबद्दल एक ओळ नाही, असं होतं ते.

खऱ्या पुस्तकात नेमकं हेच कुलूप असतं. १९९२ चा हर्षद मेहताचा घोटाळा घ्या. बँका एकमेकींना सरकारी रोखे थोड्या दिवसांसाठी विकायच्या, प्रत्यक्ष रोखे न देता बीआर म्हणजे बँक रिसीट नावाचा कागद द्यायच्या, मध्ये ब्रोकर, आणि चेक फिरून ब्रोकरच्याच खात्यात जमा व्हायचा. बँक ऑफ कराडसारख्या छोट्या बँकेने दिलेल्या काही बीआरच्या मागे रोखे नव्हतेच. कागदामागे काहीच नाही आणि त्याच्यावर शेअर बाजार वर चाललाय, हे वाचताना पोटात गोळा येतो.

किंवा पीएनबीचं, म्हणजे पंजाब नॅशनल बँक आणि नीरव मोदीचं. पार्टीच्या कर्जाची बँकेने घेतलेली हमीपत्रं स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या मेसेजच्या यंत्रणेवरून, परदेशात जायची, पण स्विफ्ट बँकेच्या मुख्य सिस्टीमला जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे बँकेच्या वह्यांमध्ये त्याचा पत्ताच नाही. वर्षानुवर्षं चाललं आणि रक्कम १३,००० कोटींच्या वर गेली. फुटलं कसं? तर जुना अधिकारी रिटायर झाला, जानेवारी २०१८ मध्ये पार्टी नेहमीसारखी नवं हमीपत्र मागायला आली, काउंटरच्या पलीकडच्यांनी शंभर टक्के मार्जिन, म्हणजे तेवढीच रक्कम आधी बँकेत, ठेवा म्हटलं, आणि पार्टी म्हणाली, आधी तर कधी ठेवावं लागलं नाही. बस्स, एवढंच. ना पाठलाग, ना बंदूक.

अजून एक, खऱ्याला योगायोग माफ असतो. ब्रिटनच्या बेरिंग्ज बँकेचा सिंगापूरचा ट्रेडर निक लीसन ८८८८८ नंबरच्या खात्यात तोटा लपवत होता, सौदेही त्याचे आणि मागच्या ऑफिसमधला हिशेबही त्याच्याच हातात, आणि जपानचा बाजार फार हलणार नाही यावर त्याने मोठा डाव लावलेला असताना १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप होतो. कादंबरीत हे लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं, लेखकाला काही सुचलं नाही वाटतं. १७६२ ची बँक शेवटी एका पाउंडाला विकली गेली.

आपल्या नाशिकचंच बघा ना. नाशिकरोडला कोणाच्या ना कोणाच्या घरात स्टँप पेपर छापणाऱ्या सरकारी सिक्युरिटी प्रेसमधला माणूस असतोच, आणि तेलगीने बनावट स्टँप पेपर छापायला मशिनरी मिळवली ती त्याच सिक्युरिटी प्रेसमधून भंगारात निघालेली. हे कोणी कल्पनेने रचलं असतं तर प्रेसवाल्यांनीच आधी हसून सोडून दिलं असतं.

आता खऱ्या पुस्तकांची पण रडगाणी आहेत. घोटाळा उघड झाला की पुढचं निम्मं पुस्तक समित्या, चार्जशीट, तारखा, जामीन, तिथे मी पानं उलटत जातो. शिवाय माणूस रात्री घरी जाऊन जेवला कसा, बायकोला काय सांगितलं, हे पत्रकार सांगू शकत नाही, फार तर अंदाज करतो. तिथे चांगला कादंबरीकार बाजी मारतो, हे कबूल. आणि स्वतः बँकेत किंवा ब्रोकरकडे काम केलेले काही लोक कादंबऱ्या लिहितात, त्यांच्यात हिरवी पट्टी सहसा नसते. त्यामुळे कादंबरीच घ्यायची असेल तर मलपृष्ठावरचं कौतुक वाचत बसू नका, लेखक आधी काय करत होता ते बघा आणि उभ्या उभ्या पैसा पहिल्यांदा हलतो ते पान शोधा. कसा हलला ते लिहिलं असेल तर बिनधास्त घ्या.

प्रवासाला, आजारपणात, किंवा बीआर वगैरे शब्दांनी डोकं उठत असेल तर कादंबरी बरी. नाहीतर माझा हात आपोआप दुसऱ्या कप्प्याकडे जातो. फक्त घरात कोणाला वाचायला देताय ते बघून द्या. सासऱ्यांना मी पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या घोटाळ्याबद्दलचं दिलं होतं, त्यात तपासात निघालेली २१ हजारांहून जास्त बनावट खाती, २०१९ मध्ये ठेवीदारांना सुरुवातीला हजारच रुपये काढता येत होते, ठेव विमा तेव्हा एक लाखच, असं सगळं. त्यांनी एका बैठकीत संपवलं, कोण सुटलं कोण अडकलं काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी सगळ्या एफडीच्या पावत्या पिशवीत घालून रांगेत पहिले.