बाटल्या-झाकणांसाठी कानबान कार्डं: उन्हाळा, पावसाळा आणि गणपती काढल्यावर

कुडाळ एमआयडीसीत आमचा कोकम सरबत आणि आगळाचा छोटा कारखाना आहे. बाटल्या, झाकणं, लेबलं, खोके यांची ऑर्डर पूर्वी महिन्याच्या अंदाजावर जायची. मार्चपासून कार्डांवर जाते. यालाच कानबान म्हणतात: माल वापरला की त्याचं कार्ड सुटतं, आणि सुटलेलं कार्ड म्हणजे तेवढाच माल पुन्हा मागवायची खूण.

हिशेब असा: रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, वर थोडी राखीव, भागिले एका गोणीतले नग. रोज ६०० बाटल्या, कोल्हापूरहून यायला ४ दिवस, २५ टक्के राखीव म्हणजे ३००० बाटल्या. गोणीत १५०, म्हणून २० कार्डं. प्रत्येक गोणीला एक कार्ड; गोणी फोडली की कार्ड खिळ्याला, म्हणजे तेवढी ऑर्डर द्यायची. आता ऑर्डरची आठवण मला ठेवावी लागत नाही, भरणीवरच्या वहिनीच ओरडतात, "दादानू, झाकणांचा कार्ड इला!"

खरी परीक्षा पावसात. घाटात दरड आली की चाराचे आठ दिवस होतात. म्हणून जून लागताच बाटल्यांची कार्डं ४० केली, ऑक्टोबरात पुन्हा २०. एकदा काढलेला आकडा वर्षभर चालवणार असाल तर कोकणात या भानगडीत पडू नका.

खोक्यांना मात्र हे दुप्पट करणं लावू नये. दमट हवेत पुठ्ठा ओल धरतो, तळातले खोके लिबलिबीत होतात, टेप चिकटत नाही. ते आम्ही जवळूनच घेतो, थोडे महाग पडले तरी, आणि कार्डं मोजकीच ठेवतो. (कार्डंही लॅमिनेट करून घ्या. साध्या कार्डाला जुलैत बुरशी येते.)

लेबलं १०,००० च्या खाली कोणी छापून देत नाही, तिथे गठ्ठ्यागणिक कार्ड निरुपयोगी. टोयोटात लॉटने बनणाऱ्या भागांना त्रिकोणी कानबान लावतात, तेच उचललं: चळतीत खालून तिसऱ्या गठ्ठ्यावर त्रिकोणी कार्ड, ते उघडं पडलं की छपाईला फोन.

रतांब्यांना, म्हणजे कोकमाच्या फळांना, यातलं काहीच लागू नाही. टोयोटात कानबान आणणाऱ्या ताइची ओनोंना ही कल्पना अमेरिकन सुपरमार्केटवरून सुचली: गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच फळीवर परत भरायचं. रतांबे एप्रिल-मेमध्ये येतात, पाऊस पडायच्या आत वर्षाची बेगमी करावीच लागते. तिथे जुना अंदाजच बरा.

गणपतीला चाकरमानी आले की खप एकदम चढतो. त्यासाठी वेगळी लाल कार्डं काढली, एकदाच वापरायची. विसर्जनानंतर ती आठवणीने फाडा, नाहीतर कोल्हापूरहून गोण्या येतच राहतात.