नऊ महिने, सव्वीस पाकिटे: लाकडाच्या भट्टीवर भाजलेली चिकमगळूरची कॉफी

नोव्हेंबर २०२४ मध्ये चार दिवस चिकमगळूरला गेलो असताना आम्हाला एका बागेत ही कॉफी मिळाली आणि तेव्हापासून आमच्या पुण्याच्या घरी दुसरी कॉफी आलेली नाही. बाग एका कुटुंबाची आहे. घरामागच्या पडवीत लाकडावर चालणारी एक भट्टी आहे. वडील (अण्णा) भाजतात, मुलगा बाग पाहतो आणि सून (अक्का) पाकिटे भरते, फोन घेते आणि हिशेब ठेवते. त्यांचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एका बिघडलेल्या घाण्याची, म्हणजे एका खेपेला भाजलेल्या बियांची, तक्रार आहे आणि महिन्याला मोजकेच किलो भाजणाऱ्या घरावर तिचे ओझे टाकावेसे वाटत नाही. सूफी संत बाबा बुडन यांनी येमेनमधल्या मोख्याहून कॉफीच्या सात बिया आणल्याची गोष्ट त्यांनीही सांगितली. चिकमगळूरला जाऊन ती न ऐकता कोणी परत येत नाही, तेव्हा ती येथे पुन्हा नको.

‘लाकडावर भाजलेली’ हे शब्द ऐकून माझी जी अपेक्षा झाली होती, ती आधी सांगते. चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला जसा धुराचा वास लागतो, तसा या कॉफीलाही लागत असेल असे मला वाटले होते. तसे काहीही नाही. बिया ज्यात भाजतात तो भट्टीचा ढोल बंद पत्र्याचा आहे, आग त्याच्या खाली असते आणि धूर वेगळ्या धुराड्यातून छपरावर जातो, त्यामुळे धुराचा बियांशी जवळजवळ संबंध येत नाही. कॉफीला कधीकधी जो धुरकट वास येतो, तो बहुतेक वेळा गडद भाजणीचा असतो: बीमधले फेरुलिक आम्ल उष्णतेने फुटते, त्यातून ग्वायाकॉल नावाचे द्रव्य तयार होते, आणि हे गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीतही तसेच घडते. तेव्हा केवळ धुराच्या चवीसाठी कोणी लाकडावरची कॉफी मागवणार असेल, तर त्याची निराशा होईल.

मग लाकडाने फरक पडतो तो कशात? ते मला तेथे उभे राहून एक घाणा पाहिल्यावरच समजले. ढोलात सहा किलो हिरव्या बिया जातात आणि ओलावा उडून गेल्यावर पाच किलोच्या आसपास बाहेर येतात. पहिली आठ-नऊ मिनिटे पाहण्यासारखे काही नसते. बिया पिवळ्या पडतात, ओल्या गवताचा वास जाऊन भाजणीच्या पिठासारखा खमंग वास येऊ लागतो आणि अण्णा शांतपणे बसून असतात. नंतर मात्र ते उठले, ढोलाच्या तोंडाशी लाकडी मुठीची एक नळी होती ती आत सारून चार बिया बाहेर काढल्या, हुंगल्या आणि बिया फुटण्याची तडतड सुरू होण्याच्या आधीच, म्हणजे माझ्या कानाला काहीही ऐकू येत नसताना, खाली वाकून दोन जळती ओंडकी चिमट्याने ओढून बाहेर राखेत टाकली. गॅसची आच बोटाने कमी करता येते; लाकडाची आच मिनिटभर आधी ओळखून काढून घ्यावी लागते, कारण ओंडके काढल्यावरही निखारे आणि तापलेल्या विटा ढोल तापवतच राहतात. भाकरी करताना चुलीतले लाकूड नेमक्या वेळी मागे ओढणाऱ्या आमच्या आजीची मला तेव्हा आठवण झाली. साधारण २०० अंशांच्या आसपास लाह्या फुटाव्यात तशी पहिली तडतड झाली, दीडएक मिनिटाने अण्णांनी दांडा फिरवला आणि बिया जाळीच्या परातीत कोसळल्या. खालून पंखा सुरू होता, सून लाकडी फावड्याने त्या वरखाली करत होती आणि सुटलेली टरफले साऱ्या पडवीभर उडत होती. तापमापक भट्टीला लावलेला आहे, पण अण्णांनी त्याच्याकडे दोनदाच पाहिले.

आमच्या नियमित मागणीतली कॉफी म्हणजे मध्यम भाजलेली अरेबिका जातीची कॉफी, वाण एस. ७९५. बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राकडून आलेले हे जुने वाण कर्नाटकातल्या बागांमध्ये अजूनही मोठ्या प्रमाणावर आहे. या बागेत ते सिल्व्हर ओकच्या सावलीत वाढते आणि त्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले आहेत. चव सांगायची तर आंबटपणा बेताचा आहे, कडूपणा मागाहून येतो आणि निवत आलेल्या कपात काकवीसारखा एक गोडसर भाग राहतो, जो गरम असताना जाणवत नाही. दूध न घालता पिणाऱ्यांना ती अधिक आवडेल. मी रोज सकाळी फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दाबायच्या गाळणीच्या भांड्यात, २५० मिलिलिटर पाण्याला १५ ग्रॅम भरड पूड घेते आणि चार मिनिटे ठेवते. माझे यजमान मोका पॉट, म्हणजे शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी करणारे भांडे, वापरतात आणि त्यांच्या मते त्यातली कॉफी अधिक चांगली होते, ज्याच्याशी मी सहमत नाही.

ताजेपणाबद्दल एक गोष्ट मला महिनाभर चुका केल्यावर कळली. बुधवारी भाजलेले पाकीट शनिवारी पुण्यात येते आणि मी ते लगेच फोडत असे. भाजलेल्या बियांमधून कार्बन डायऑक्साइड कित्येक दिवस बाहेर पडत असतो. तिसऱ्या दिवशी पाणी ओतले की पूड फसफसून वर येते, पाणी तिच्यात नीट मुरत नाही आणि कॉफी पातळ व आंबट लागते. आता मी सातव्या दिवसापर्यंत थांबते. सातव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत ही कॉफी उत्तम असते, त्यानंतर ती वाईट होत नाही पण बोलेनाशी होते. पाकिटावर भाजल्याची तारीख, घाण्याचा क्रमांक आणि भाजणाऱ्याचे आद्याक्षर पेनाने लिहिलेले असते, म्हणून हे दिवस मोजता येतात. दुकानात मिळणाऱ्या अनेक पाकिटांवर केवळ पॅकिंगची तारीख असते, जिचा येथे काहीच उपयोग नाही.

मी वहीत नोंदी ठेवते, त्यामुळे पुढचे विधान आठवणीवर केलेले नाही. सव्वीस पाकिटांपैकी एकोणीस मला एकसारखी वाटली, चार नेहमीपेक्षा थोडी गडद होती, दोन किंचित कच्चट होती आणि एक वाईट होते. मोठ्या यंत्रावर भाजलेल्या कॉफीत एवढा फरक पडला असता तर मी कंपनी बदलली असती. येथे मी तो धरून चालते, कारण प्रत्येक घाणा एका माणसाने नजरेने, नाकाने आणि कानाने काढलेला असतो, आणि गडद निघालेल्या चार पाकिटांपैकी एक नऊ महिन्यांतले सर्वांत चांगले होते. ज्यांना दर वेळी तोच घोट हवा आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. हे मी कोणताही कमीपणा न मानता सांगते.

वाईट पाकीट जुलैमधले. बिया बाहेरून काळपट होत्या, काहींच्या टोकाला करपल्याचे ठिपके होते आणि दाताखाली फोडल्यावर आत फिकट निघाल्या. कॉफी एकाच वेळी करपट आणि कच्चट लागली, जे मी आधी अशक्य समजत होते. फोन केला तेव्हा अक्कांनी हिंदीत पहिले उत्तर दिले ते असे की, पावसाळ्यात पूड दमट होते, तुमची दळणी तपासून पाहा. मला राग आला. परंतु प्रत्येक घाण्यातले थोडे दाणे ते काचेच्या बरणीत राखून ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बरणी उघडून स्वतः कॉफी केली आणि आपणहून फोन केला. सरपणाच्या खोपीचा पत्रा उडाला होता, वरच्या थरातले लाकूड भिजले होते, आणि ओल्या लाकडाची बरीच आच स्वतःतले पाणी उकळण्यातच जाते. ढोल तापेना म्हणून शेवटी आग एकदम वाढवावी लागली, म्हणजे बी आतून शिजण्याआधीच बाहेरून भाजली गेली. त्यांनी पैसे परत देऊ केले आणि वर नवे पाकीट पाठवले. मी पाकीट ठेवले आणि पैसे नाकारले. आधीच्या दिवशीचे ते दळणीचे वाक्य मात्र त्यांनी बोलायला नको होते.

फिल्टर कॉफीची पूडही ते देतात, पण तिच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. सासूबाईंचे बालपण माटुंग्यात गेले, जेथे दुकानदार समोर बिया दळतो आणि चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) किती घालू ते विचारतो. त्यामुळे त्यांची परीक्षा कडक आहे. आपल्याकडे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे. यांच्या मिश्रणात ती ८० टक्के आहे, म्हणजे प्रमाणाची तक्रार नाही. तक्रार दळणीची आहे: पूड एका वेळी इतकी बारीक येते की फिल्टर तासभर थेंबथेंब गळत राहतो, आणि पुढच्या वेळी इतकी जाड की वाटीभर पाणी पाच मिनिटांत खाली. त्यामुळे आता आम्ही बियाच मागवतो आणि घरी दळतो. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्या एस. ७९५ ची, दुधात उकळून, साखर आणि जायफळ घालून, एकादशीच्या उपवासाला जी आपली मराठी कॉफी होते ती केली. मी कपाळाला हात लावला होता, पण खरे सांगायचे तर ती फार चांगली झाली होती.

सुरुवातीला २५० ग्रॅमचे पाकीट ३८० रुपयांना होते, नऊ महिन्यांनी ते ४६० रुपयांना झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा ही वाढ मला अवाजवी वाटली नाही. पाकिटाला हवा सोडणारी झडप आहे, ती चांगली चालते. वरची चेन मात्र तिसऱ्या-चौथ्या उघडण्यात हटकून बिघडते, म्हणून आल्याबरोबर बिया घट्ट झाकणाच्या डब्यात काढाव्यात. लाकडाविषयी मला शंका होती, कारण ‘लाकडाची आच’ म्हटले की ग्राहक भाळतो आणि त्यासाठी कोठे झाड पडते ते कोणी विचारत नाही. येथे निदान त्यांच्याच बागेतल्या, सावली कमी करण्यासाठी दरवर्षी छाटल्या जाणाऱ्या फांद्या आणि उपटलेल्या जुन्या कॉफीची खोडे वापरली जातात. त्यांचे रचलेले ढीग मी पाहिले आहेत. धूर मात्र धूरच असतो, आणि त्या पडवीत अर्धा तास उभे राहून माझे डोळे झोंबले होते. अण्णा तेथे आठवड्यातून दोन दिवस सकाळभर असतात.

मागणी सोमवारी दुपारपर्यंत फोनवर नोंदवावी लागते आणि भट्टी बुधवारी व शुक्रवारीच पेटते, त्यामुळे घाईच्या वेळी येथून काही मिळत नाही. पुढच्या वर्षी जून संपण्याआधीच मी चार पाकिटे आणून, न फोडता, फ्रीजरमध्ये ठेवणार आहे आणि पाऊस ओसरेपर्यंत त्यांच्यावर भागवणार आहे. अक्कांना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की खोपीवर नवा पत्रा घातला आहे, तरीही मॅडम, चारच्या ऐवजी पाच ठेवा.