ॲरिझोनाच्या अश्मीभूत लाकडाची चकती: झिलई उत्तम, वर्णन अपुरे

ऑनलाइन मागवलेली ही चकती हाती घेताच प्रथम जाणवले ते तिचे वजन. सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीच्या, ट्रायासिक काळातील खोडात सिलिका (वाळूतील मुख्य घटक) झिरपून त्याचे क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीसारखा दगड, झालेले असल्याने ती दिसते लाकडासारखी, पण हाताला निव्वळ दगड लागतो. लोहाच्या ऑक्साइडांमुळे आलेले तांबडे-पिवळे पट्टे झिलईमुळे ओले असल्यासारखे चमकतात आणि तिरप्या उजेडात धरूनही करवतीचे ओरखडे कुठे आढळले नाहीत. सालीकडची कड मात्र मुद्दाम खडबडीत ठेवली आहे, आणि मला तीच सर्वाधिक आवडली.

नाराजी एका गोष्टीची आहे. भिंगातून पाहता एक भेग रेझिनने बुजवलेली दिसली. तसे करणे गैर नाही, परंतु वर्णनात त्याचा उल्लेख हवा होता. ज्यांना पेशींची रचना पाहायची आहे त्यांनी दुसरा नमुना शोधावा, कारण ॲरिझोनाच्या पुष्कळ नमुन्यांत ती स्फटिक तयार होताना पुसली गेलेली असते. तेथील ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ राष्ट्रीय उद्यानातून तुकडा उचलण्यास बंदी असल्यामुळे नमुना खासगी जमिनीतील असल्याचे विक्रेत्याकडून लेखी मागितले, आणि ते विनातक्रार मिळाले.