रेकॉर्डर उत्तम, सेलचं झाकण भिकार

वर्ष होत आलं हा रेकॉर्डर वापरून. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात, ती पुन्हा देत नाही. १९८२च्या संपातल्या गिरणी कामगारांच्या मुलाखतींसाठी घेतला होता, म्हणजे लालबाग-परळच्या चाळी आणि संपानंतर गावी परतलेल्यांची कोकणातली घरं. आवाजाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सेलच्या झाकणाची.

दोन एएए सेलच्या कप्प्याचं झाकण नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या खुंटीवर अडकतं. आतली स्प्रिंग त्याला सतत बाहेर ढकलत असते. खुंटी तुटायचीच होती, तुटली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "मॅडम, झाकण सुटं येत नाही, अख्खी बॉडी बदलावी लागेल." मजुरीसकट जो आकडा सांगितला त्यात थोडे घातले की नवीन मशीन येतं. वॉरंटी? "फिजिकल डॅमेज कव्हर होत नाही." एका झाकणापायी!

मग रबर बँड लावला. तर मशीन जरा हललं की रबर प्लॅस्टिकवर करकरतो आणि अंगच्या माइकांना तीच करकर सगळ्यात आधी ऐकू येते. आता इलेक्ट्रिशियनची काळी टेप आहे. सेल बदलायचे तर ती सोलत बसा, समोर आजी ऐन रंगात आलेल्या. आणि रेकॉर्डिंग चालू असताना सेल निसटले तर फाइल नीट बंदच होत नाही, हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती, अर्धवट राहतो. ती ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रॉ डेटा' म्हणून उघडून वाचवता येते बऱ्याचदा, पण रात्री अकराला ही कसरत कोणी सांगितली आहे?

कॉलर माइकबद्दलचं मत मात्र पार बदललं. अंगचे दोन माइक असताना वर खर्च कशाला, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. पण मे महिन्यात चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पंखा बंद करा, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? माइक तोंडापासून वीतभर आला की पंखा आपोआप मागे हटतो. अंतर निम्मं झालं की बोलणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पंखा आहे तेवढाच राहतो. कोकणात पत्र्यावर पाऊस कोसळत असतानाही निम्मंअधिक बोलणं त्यामुळेच हाती लागलं. घेताना पिन बघा. मोबाइलच्या माइकच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, रेकॉर्डरला दोन रेघांची लागते. नाहीतर कन्व्हर्टर घ्या, आणि मेनूत 'प्लग-इन पॉवर' चालू करा, म्हणजे माइकला रेकॉर्डरकडूनच वीज मिळते.

३२ बिट फ्लोटचं, म्हणजे अचानक मोठा झालेला आवाजही न फाटता टिपणाऱ्या रेकॉर्डिंगचं, हल्ली फार कौतुक चाललंय. गप्पा मारणाऱ्या माणसांना ते कशाला, असं इथपर्यंत लिहिणार होते. पण संपाच्या मोर्चाची आठवण सांगता सांगता एका आजोबांनी मूठ वळून "कामगार एकजुटीचा विजय असो!" अशी आरोळी ठोकली आणि नेमकी तीच फाटली. ३२ बिटमध्ये ती बहुतेक वाचली असती, अर्थात माइकच्या कॅप्सूलनेच हार मानली नसती तर. माझ्या २४ बिटवर आता लेव्हल मुद्दाम खाली ठेवते. नंतर वाढवताना थोडी खरखर येते, पण फाटलेला आवाज कुठलाच शिंपी शिवून देत नाही.

रिचार्जेबल सेल वापरणार असाल तर मेनूत सेलचा प्रकार आठवणीने बदला. ते १.२ व्होल्टचे, अल्कलाइन दीडचे. अल्कलाइनवरच ठेवलं तर चांगले भरलेले सेलही अर्धे संपलेले दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो.

कार्डावर पैसे उधळू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवलं तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो, त्यामुळे ३२ जीबीचं कार्ड रग्गड झालं. १२८चं घेतलं की ते रिकामं करायचा कंटाळा येतो, आणि हरवलं तर पावसाळाभराच्या मुलाखती एकदम जातात.